हजार इम्प्रेशनचा भाव: जाहिरातीचा खरा खर्च कसा काढायचा

जाहिरातीचा हिशेब मागितला की एजन्सीकडून बहुतेक वेळा एकच आकडा येतो: "सीपीएम ८० रुपये पडला." जाहिरात एकदा दाखवली गेली की एक इम्प्रेशन, आणि सीपीएम म्हणजे हजार इम्प्रेशनमागे झालेला खर्च. पण ८० हा आकडा चांगला की वाईट, हे नुसत्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. त्या ८० रुपयांत काय काय धरलंय? हजार म्हणजे हजार कशाचे? आणि त्या हजार वेळांपैकी किती वेळा जाहिरात खरंच कुणाच्या डोळ्यांसमोर आली? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशेजारी ठेवू नका. छोट्या व्यावसायिकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच, दोन वेगळ्या गोष्टींचे भाव एकाच रांगेत लावून.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो. रत्नागिरीचा एक हापूस बागायतदार आहे. दलालाकडे माल न पाठवता तो पेट्या थेट ग्राहकांना विकतो. मार्च ते मे फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करतो, आणि फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतो. पुढचे खर्चाचे आणि इम्प्रेशनचे आकडे रीत कळावी म्हणून धरलेले आहेत, ते बाजारभाव समजू नका.

पहिली पायरी: साधं सूत्र, आणि सरासरीचा सापळा

सूत्र एका ओळीचं आहे: खर्च भागिले इम्प्रेशन, गुणिले १०००.

आपल्या बागायतदाराने दोन कॅम्पेन चालवली. मुंबई-पुण्यासाठी २४,००० रुपये खर्च, ३,२०,००० इम्प्रेशन. सीपीएम ७५ रुपये. बेंगळुरू-हैदराबादसाठी ६,००० रुपये खर्च, ४०,००० इम्प्रेशन. सीपीएम १५० रुपये.

मग एकूण सीपीएम किती? ७५ आणि १५० ची सरासरी ११२.५० येते, आणि कितीतरी रिपोर्टांत तीच छापलेली असते. ती चूक आहे. दरांची सरासरी काढायची नसते. आधी सगळा खर्च एकत्र करायचा, सगळी इम्प्रेशन एकत्र करायची, आणि मग भागायचं: ३०,००० भागिले ३,६०,०००, गुणिले १०००. उत्तर ८३.३३ रुपये. म्हणजे सरासरीच्या घोळात भाव तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगला. उलटंही होतं. महागड्या कॅम्पेनवर इम्प्रेशन जास्त असतील तर साध्या सरासरीत भाव खऱ्याहून कमी दिसतो. आठवड्यांची बेरीज करताना, शहरांची करताना, वयोगटांची करताना, सगळीकडे हाच नियम. त्यामुळे शीटमध्ये सीपीएम कधीही हाताने टाकू नका. खर्च आणि इम्प्रेशन हे दोनच आकडे भरा, सीपीएमचा रकाना सूत्रावर सोडा, आणि एकूणच्या ओळीतही तेच सूत्र ठेवा.

आकडे उतरवून घेण्याआधी जाहिरात संपल्यावर दोन-तीन दिवस थांबा. खोट्या किंवा चुकीच्या मोजल्या गेलेल्या हालचाली कंपन्या नंतर गाळतात, आणि शेवटच्या दिवसाचे आकडे थोडे हलतात.

दुसरी पायरी: खर्चात खरोखर काय काय आहे

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात जिथून चालवतात ते पान) दिसणारा खर्च म्हणजे फक्त जागेचं भाडं. त्यात कर नसतो. भारतात ऑनलाइन जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो वेगळा आकारला जातो. ३०,००० रुपयांवर तो झाला ५,४०० रुपये.

हा कर खर्चात धरायचा की नाही, हे तुमच्या धंद्यावर ठरतं. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तुम्ही विकता तो माल करपात्र असेल आणि जाहिरातीच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, तर हे पैसे इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत वळते होतात. मग ते खर्चात धरू नका. पण ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. करमुक्त माल विकणाऱ्याला क्रेडिट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, दुकानदारालाही मिळत नाही. म्हणजे आपल्या बागायतदारासाठी ते ५,४०० रुपये पुरते खिशातून गेलेले आहेत. त्याच जागी आमरसाचे डबे विकणारा नोंदणीकृत उद्योजक असेल तर तीच जाहिरात त्याला करापुरती स्वस्त पडते. दोघांनी एकमेकांचे सीपीएम ताडून पाहिले तर त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही.

त्यावर व्हिडिओ आणि फोटोंचे ६,००० आणि कॅम्पेन सांभाळणाऱ्या मुलाचे ५,००० धरा. एकूण खर्च झाला ४६,४००. आता भागा: ३,६०,००० इम्प्रेशनला हजारी १२८.८९ रुपये. स्क्रीनवर ८३ दिसत होते, खिशातून गेले १२९.

हे दोन्ही आकडे शीटमध्ये वेगवेगळे ठेवा. जागेचा सीपीएम आणि पूर्ण सीपीएम. जागेचा सीपीएम कॅम्पेन चालू असताना रोज पाहायला कामाचा, कारण व्हिडिओचा खर्च रोज बदलत नाही. पूर्ण सीपीएम माध्यमं एकमेकांशी ताडून पाहायला लागतो. तोच व्हिडिओ पुढच्या हंगामात वापरणार असाल तर त्याचा खर्च दोन हंगामांत वाटून टाका. त्यात काही गैर नाही, फक्त तशी नोंद ठेवा.

तिसरी पायरी: हजार कशाचे?

मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो तो इथे.

इम्प्रेशन या शब्दाखाली प्रत्येक कंपनी वेगळी गोष्ट मोजते. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) हिशेबात जाहिरात स्क्रीनवर पहिल्यांदा आली की एक इम्प्रेशन. तुम्ही खाली गेलात आणि पुन्हा वर येऊन तीच जाहिरात पाहिलीत तर दुसरं मोजलं जात नाही, पण तीच जाहिरात दिवसात दोन वेगळ्या वेळांना दिसली तर दोन मोजली जातात. व्हिडिओ सुरू झाला पाहिजे अशीही अट नाही.

वेबसाइटवरच्या बॅनरचं वेगळं आहे. बॅनर पानाच्या अगदी तळाशी असेल आणि वाचक मध्यातूनच परत गेला, तरी तो बॅनर पानाबरोबर उतरलेला असू शकतो, आणि मग तो इम्प्रेशन म्हणून बिलात येतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलने २०१४ मध्ये "दिसण्याजोगं इम्प्रेशन" कशाला म्हणायचं याची किमान पातळी ठरवली. बॅनरचा निम्मा भाग सलग १ सेकंद पडद्यावर दिसला पाहिजे. व्हिडिओचा निम्मा भाग सलग २ सेकंद. फार मोठ्या बॅनरला ३० टक्के भाग पुरतो. गूगलची मोजणीही याच पातळीवर चालते.

१ सेकंद म्हणजे फारच थोडं, असं तुम्हाला वाटेल, आणि ते खरंच आहे. पण ती किमान पातळीसुद्धा न गाठणारी इम्प्रेशन किती असतात, हे पाहिलं की तिचं महत्त्व कळतं.

समजा बागायतदाराने गूगलच्या डिस्प्ले जाहिरातींवर (इतर साइट्सवर दिसणाऱ्या बॅनरवर) ८,००० रुपये घातले आणि २,००,००० इम्प्रेशन मिळाली. सीपीएम ४० रुपये. मेटाच्या निम्मा! पण गूगल अ‍ॅड्सच्या रकान्यांत "व्ह्यूएबल इम्प्रेशन्स" जोडून घेतला तर दिसतं की त्यातली १,१०,०००च दिसण्याजोगी होती. ८,००० भागिले १,१०,०००, गुणिले १०००: ७२.७३ रुपये. दुसरीकडे एका मराठी बातम्यांच्या साइटने थेट जागा देऊ केली, हजारी ६० रुपये, आणि तिथली ८५ टक्के इम्प्रेशन दिसण्याजोगी आहेत असं मोजणीत आलं. ६० भागिले ०.८५ म्हणजे ७०.५९. दरपत्रकावर दीडपट महाग वाटणारी जागा प्रत्यक्षात स्वस्त निघाली.

दोन बारकावे सांभाळा. एक, सगळीच इम्प्रेशन मोजता येत नाहीत. टक्केवारी मोजता आलेल्या इम्प्रेशनवर काढलेली असते, त्यामुळे "मोजण्याजोगी किती" हा आकडाही मागून घ्या. दोन, साइटचा मोजणारा आणि तुमचा मोजणारा यांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. धंद्यात साधारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. त्याहून जास्त तफावत असेल तर बिल भरण्याआधी विचारा. आणि कुणाची मोजणी अंतिम धरायची, हे सौदा करतानाच लेखी ठरवून घ्या.

बॉट्सचा (माणूस असल्याचं भासवणाऱ्या प्रोग्रामचा) आणि बनावट साइट्सचा प्रश्नही इथलाच. मोठ्या कंपन्या उघड खोटी इम्प्रेशन आपोआप गाळतात, पण सगळी गाळली जातात असं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या तपासणीत २१ टक्के इम्प्रेशन निव्वळ जाहिराती दाखवण्यासाठीच बनवलेल्या साइट्सवर गेलेली आढळली. अशा साइट्सवर सीपीएम कमी असतो आणि दिसण्याजोग्या इम्प्रेशनची टक्केवारीही छान दिसते, म्हणून नुसत्या आकड्यांत त्या सापडत नाहीत. जाहिरात कुठे कुठे दाखवली गेली, त्या जागांची यादी काढा आणि वरच्या वीस-पंचवीस साइट्स स्वतः उघडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. मुलांच्या गेमच्या अ‍ॅपमध्ये आंब्याची जाहिरात चालू असेल तर ती जागा लगेच वगळा. मेटातही "ब्रेकडाउन"मध्ये जाऊन प्लेसमेंटप्रमाणे आकडे पाहता येतात. फीड, स्टोरी, रील्स आणि ऑडियन्स नेटवर्क (दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या मेटाच्या जाहिराती) यांचे सीपीएम इतके वेगवेगळे असतात की एकत्र आकड्यावरून काहीच कळत नाही.

चौथी पायरी: इम्प्रेशनवरून माणसांवर या

३,६०,००० इम्प्रेशन म्हणजे ३,६०,००० माणसं नव्हेत. रीचचा, म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांना जाहिरात दिसली याचा, रकाना बघा. समजा तिथे ९०,००० आहेत. भागाकार केला की फ्रिक्वेन्सी मिळते: ४. प्रत्येकाला सरासरी चार वेळा जाहिरात दिसली.

हजार माणसांपर्यंत पोचायचा खर्च म्हणजे सीपीएम गुणिले फ्रिक्वेन्सी. जागेच्या सीपीएमवर तो ३३३ रुपये, पूर्ण सीपीएमवर ५१६ रुपये. मेटामध्ये जागेच्या खर्चावरचा असा तयार रकानाही आहे.

रीचची बेरीज कधी करू नका. सोमवारचा रीच अधिक मंगळवारचा रीच म्हणजे दोन दिवसांचा रीच नव्हे, कारण तीच माणसं दोन्ही दिवशी असतात. पूर्ण कालावधी निवडून एकूणच्या ओळीतला आकडाच घ्यायचा. तो आकडाही अंदाजी असतो, आणि दोन फोन, दोन खाती वापरणारा माणूस कधी दोनदा मोजला जातो.

चार वेळा दिसणं जास्त की कमी? आंब्याची पेटी हजारोंची असते, एकदा पाहून कुणी नवख्या विक्रेत्याकडून मागवत नाही. तीन-चार वेळा दिसणं मला रास्त वाटतं. पण दोन आठवड्यांत फ्रिक्वेन्सी आठ-नऊवर गेली आणि ऑर्डरी थबकल्या, तर तुम्ही त्याच लोकांना पुन्हा पुन्हा दाखवण्याचे पैसे मोजताय.

क्लिकवर किंवा व्ह्यूवर पैसे दिले असतील तर

तरीही सीपीएम निघतो, त्याला ईसीपीएम म्हणतात. एका क्लिकला ६ रुपये आणि क्लिकचं प्रमाण १.२ टक्के असेल तर ६ गुणिले ०.०१२ गुणिले १०००, म्हणजे ७२ रुपये. यूट्यूबवर वगळता येणाऱ्या जाहिरातीत ३० सेकंद पाहिलं, किंवा जाहिरात त्याहून छोटी असल्यास पूर्ण पाहिली, की व्ह्यू धरला जातो. जाहिरातीवर क्लिक केलं तरी धरला जातो. ५०,००० इम्प्रेशनपैकी १५,००० व्ह्यू आणि व्ह्यूला ३० पैसे, तर खर्च ४,५०० आणि ईसीपीएम ९०.

पेपर, पॅम्फ्लेट आणि होर्डिंग

छापील जाहिरातीत भाव चौरस सेंटीमीटरवर असतो. ८ बाय १० सेंटीमीटरची जाहिरात, म्हणजे ८० चौरस सेंटीमीटर. दर ४०० रुपये धरला तर ३२,०००. छापील जागेवर जीएसटी ५ टक्के, तो धरून ३३,६००. त्या आवृत्तीचा खप १,६०,००० असेल तर हजार प्रतींना २१० रुपये.

खपाचा आकडा विचारताना ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचं, म्हणजे एबीसीचं, प्रमाणपत्र मागा. ते सहा-सहा महिन्यांचं असतं, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. आणि तुमच्या आवृत्तीचाच आकडा घ्या, वृत्तपत्राच्या एकूण खपाचा नको. जाहिरात विभागाचा माणूस बऱ्याचदा खपाऐवजी वाचकसंख्या सांगतो, कारण एक प्रत घरात तीन-चार जण वाचतात असं धरलं की हजारी भाव एकदम खाली येतो. वाचकसंख्या धरायला हरकत नाही, पण सर्वेक्षण कोणत्या वर्षाचं ते विचारा. इंडियन रीडरशिप सर्व्हेचा २०१९ चा आकडा आजच्या दरपत्रकाला लावून काढलेला भाव विश्वासाचा नाही.

पेपरमधून टाकलेलं पॅम्फ्लेट मोजायला सोपं: छपाई आणि विक्रेत्याचे टाकण्याचे पैसे मिळून एका कागदाला १ रुपया ८० पैसे पडले तर हजारी १,८००. पण प्रत्येक कागद तुम्ही निवडलेल्या गल्लीतल्याच घरात जातो. होर्डिंगला मासिक भाडं अधिक फ्लेक्सचा खर्च, भागिले महिन्याची अंदाजे वर्दळ. ही वर्दळ बहुधा विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा असते, म्हणून मी होर्डिंगचा हजारी भाव डिजिटलच्या रांगेत लिहितच नाही, वेगळ्या पानावर लिहितो. पेपर उघडणं, रस्त्यावरून जाणं आणि रील अंगठ्याने सरकवणं यांचे हजार एक नव्हेत.

पाचवी पायरी: भाव का चढला ते शोधा

मेटा आणि गूगलवर जागेचा ठरावीक दर नसतो, प्रत्येक इम्प्रेशनचा लिलाव होतो. मेटात बोलीबरोबरच, तुमची जाहिरात पाहून माणूस हवी ती कृती करील याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा हेही धरतात. त्यामुळे तेवढ्याच पैशांत चांगला व्हिडिओ जास्त इम्प्रेशन आणतो.

सीपीएम अचानक वर गेला तर या क्रमाने बघा. कॅलेंडर: गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात अर्धं कोकण मुंबई-पुण्याच्या त्याच कुटुंबांना आंबा दाखवत असतं, भाव चढणारच. दिवाळीआधी ऑनलाइन सेल लागले की सगळ्याच धंद्यांचा चढतो. मग ऑडियन्स: फार बारीक निवड केली असेल, एखादं उपनगरच, तर थोड्या लोकांसाठी चढी बोली लागते. मग फ्रिक्वेन्सी. शेवटी कॅम्पेन सुरू करताना निवडलेलं उद्दिष्ट. हे नीट समजून घ्या. "रीच" निवडलं तर यंत्रणा स्वस्तात दिसणारी माणसं शोधते. "सेल्स" किंवा "मेसेज" निवडलं तर कृती करणारी माणसं शोधते, आणि ती सगळ्यांनाच हवी असतात, म्हणून महाग असतात. रीचचा ३५ चा सीपीएम दाखवून मेसेजच्या ११० च्या सीपीएमला महाग ठरवणं हा ग्राहकावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

सहावी पायरी: ऑर्डरपर्यंत जा

आता आपल्या दोन कॅम्पेनकडे परत येऊ. मुंबई-पुण्यातून ८० पेट्यांची मागणी आली, बेंगळुरू-हैदराबादहून ३६. एका पेटीमागे जागेचा खर्च मुंबई-पुण्यात ३०० रुपये, तिकडे १६७. सीपीएम दुप्पट असलेलं कॅम्पेन पेटीमागे जवळपास निम्म्यात पडलं. मुंबई-पुण्यात ओळखीतून आंबा मिळतो, तिकडे खात्रीचा हापूस शोधावा लागतो, हे एक कारण असू शकतं.

पण ३६ पेट्या म्हणजे फार नाहीत. एखाद्या सोसायटीने एकदम दहा पेट्या घेतल्या असतील तर चित्र फिरतं. शिवाय तिकडची वाहतूक महाग, आणि वाटेत फळ पिकण्याची जोखीम. म्हणून पेटीमागचा जाहिरात खर्च आणि वाहतूक एकत्र लिहूनच ठरवा. ऑर्डर कुठल्या जाहिरातीवरून आली हे कळायला दोन कॅम्पेनमध्ये दोन वेगळे व्हॉट्सअ‍ॅप संदेश ठेवा. "पुण्यासाठी पेटी हवी आहे" असा पहिला तयार मजकूर असला की वही न बघता मोजता येतं.

पूर्ण खर्च धरला तर ४६,४०० रुपयांत ११६ पेट्या, पेटीमागे ४०० रुपये. दलालाला जाणारी रक्कम आणि हे ४०० यांची तुलना करा. थेट विक्री परवडते का, याचं उत्तर तिथे आहे.

पुढच्या हंगामाचं बजेट

आता उलट्या दिशेने हिशेब करता येतो. यंदा ३,६०,००० इम्प्रेशनला ११६ पेट्या, म्हणजे साधारण ३,१०० इम्प्रेशनला एक. १५० पेट्या विकायच्या तर सुमारे ४,६५,००० इम्प्रेशन लागतील. ८३.३३ च्या जागेच्या सीपीएमने सुमारे ३८,८०० रुपये, जीएसटीसह जवळपास ४५,८००.

हे गणित सरळ रेषेत चालत नाही. त्याच ९०,००० माणसांना दाखवत राहिलात तर फ्रिक्वेन्सी पाचच्या वर जाईल आणि ३,१०० ला एक हे प्रमाण घसरेल. वाढीव बजेट नव्या शहरावर घाला, किंवा पाडव्याच्या तीन-चार आठवडे आधी, भाव कमी असताना, जाहिरात सुरू करून नावनोंदणी घ्या. आणि शीटमध्ये आठवड्याप्रमाणे सीपीएम लिहिताना शेजारी एक रकाना सणांचा आणि एक तुमच्या झाडांवरच्या तयार फळाचा ठेवा. माल उतरायच्या आधीच ऑर्डरी आल्या आणि पेट्या वेळेत गेल्या नाहीत, तर स्वस्तात मिळालेली ती इम्प्रेशन वाया जातात, आणि ग्राहकांना पैसे परत देऊन त्यांची समजूत काढावी लागते.